छपाई टिकेल, पण मराठी मजकुराचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

छापील माध्यमांच्या भवितव्याचा विषय निघाला की बोलणं वर्तमानपत्रांच्या खपावर येतं आणि तिथंच थांबतं. तालुक्याच्या गावी ३५ वर्षं छापखाना चालवताना मला दिसलं ते वेगळं आहे. छपाईचा धंदा काही बुडालेला नाही. औषधांची खोकी, मसाल्यांची पाकिटं, बाटल्यांची लेबलं छापावीच लागतात, आणि पॅकेजिंगची यंत्रं ज्यांना घेता आली त्यांचं बरं चाललं आहे. आटत चाललंय ते मराठी मजकूर छापण्याचं काम.

आमची चूल पेटायची ती जॉबवर्कवर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दुकानदारांना नवा नंबर घातलेली बिलबुकं एकदम हवी झाली. महिनाभर आम्ही रात्रीही मशीन चालवलं. धंद्याला बरे दिवस आले असं मला वाटलं होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी बिलं संगणकावर काढायला घेतली. लग्नपत्रिकाही आता मोबाइलवर येते; छापायची ती देवापुढे ठेवायला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना द्यायला, ५०० च्या जागी ५०. याबद्दल माझी तक्रार नाही. चार दिवसांनी जे कुणी वाचणार नाही, ते कागदावर नसलं तरी चालतं.

पण १९९७ साली आम्ही गावातल्या एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका छापली होती. दोन वर्षांपूर्वी शाळेला ती पुन्हा काढायची होती. फाइल मी जपली होती. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर. उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत, रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं बांधलेले, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवून. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. कन्व्हर्टर लावून पाहिला, तर रफार एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. शेवटी एका माजी विद्यार्थिनीच्या कपाटात छापील प्रत मिळाली. पिन गंजली होती, कागद पिवळा पडला होता, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. तिच्यावरून १३२ पानं आम्ही नव्यानं टाइप केली. १९७२ च्या दुष्काळात गावात सुकडी कुठं वाटायचे, मुलींची पहिली तुकडी कधी निघाली, हे त्या पानांखेरीज कुठंच लिहिलेलं नाही.

पुस्तक आणि वर्तमानपत्र ठरवून दिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायचं, असा १९५४ चा कायदा आहे. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांनाही प्रत जायला हवी. स्मरणिका किंवा गावाचा इतिहास छापायला माझ्याकडे येणाऱ्यांतल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर पहिली कित्येक वर्षं मलाही नव्हतं, आणि त्या वर्षांतल्या किती गोष्टी हातातून गेल्या याची चुटपुट आजही आहे.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालयं गावोगावी आहेत. तालुक्यात छापलेल्या प्रत्येक मराठी पुस्तकाची, स्मरणिकेची, संस्थेच्या अहवालाची एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयानं विकत घ्यावी आणि त्यासाठी अनुदानात वेगळी रक्कम धरावी, एवढीच माझी मागणी आहे. पूर्वी छपाईसाठी बनवाव्या लागणाऱ्या प्लेटचा खर्च निघायला निदान ५०० प्रती काढाव्या लागत. आता डिजिटल मशीनवर ५० प्रतीही परवडतात. गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांचं गावातल्या वाड्यांवरचं पुस्तक मी ४० प्रतींत छापून दिलं. त्यातली एक घेऊन मी स्वतः ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी ती लगेच दाखलखारज नोंदवहीत चढवली.

— एक मुद्रक, कराड