मच्छरदाणीचं लिहिणार नव्हते

शरणपूर, नाशिक
८ फेब्रुवारी

चि. शमू,

आईचा सप्रेम सलाम. रूथला आशीर्वाद, मिनूला आणि छोट्याला पापे.

फोनवर तू दर वेळी "आई, आवाज तुटतोय" म्हणतोस, आणि मी तापाचं विचारलं की तो नेमका तेव्हाच तुटतो. म्हणून पत्र. पुण्याचे डॉक्टर पंधरा दिवसांनी तुमच्या मलावीत, लिलाँग्वेला यायला निघताहेत. त्यांच्या बॅगेत दोन किलोची जागा मागून घेतली आहे. पत्र वाचताना "बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

मिनूला मलेरिया झाला हे मला नवव्या दिवशी कळलं. तेही रूथच्या आईकडून, उपासना सुटल्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, चार बायका ऐकत असताना. "आता बरी आहे हो नात," म्हणाल्या. मी हसले, जसं काही मला सगळं माहीतच आहे. घरी येऊन पपांना विचारलं तर त्यांनाही माहीत! पेपरमागून म्हणाले, "शमूनं सांगितलं होतं, तुला त्रास नको म्हणून बोललो नाही." त्या दिवशी त्यांना जेवण वाढलं, पण बोलले नाही.

चौतीस वर्षं नर्सिंग केलं मी. मला त्रास नको म्हणे.

आता मी एकदाच सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायला नको. जायच्या आधी तू मला काय म्हणाला होतास? "आई, मझुझू चार हजार फुटांवर आहे, तिथे डास कमी." कबूल. पण नाताळ झाल्यावर तुम्ही दोन रात्री खाली न्खाटा बेला तळ्यावर राहिलात. फोटो पाहिले मी. मिनू फ्रॉकमध्ये, पाय उघडे, मागे सूर्य बुडतोय. बरोबर बाराव्या दिवशी ताप. हे गणित मला कोणी शिकवायला नको. तू तर लॅबमध्ये दिवसभर त्याच स्लाइड बघतोस. दुसऱ्यांच्या पोरांच्या रक्तात तुला ते दिसतं आणि आपल्या पोरीचा ताप दोन दिवस "सर्दीचा असेल" म्हणून तू घरी ठेवतोस?

मलेरिया होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या गोळ्या तुम्ही बंद केल्यात हेही मला आताच कळलं. मिनूला रात्री वाईट स्वप्नं पडायची म्हणून. पडतात त्या गोळीनं, मान्य आहे. मग डॉक्टरांना विचारून दुसरी सुरू करायची, नुसती बंद नाही करायची. तिथली पोरं चार-पाच वर्षांची होईपर्यंत कितीदा तरी तापून उठलेली असतात, त्यांच्या अंगात थोडी तरी ताकद आलेली असते. आपली मिनू नाशिकची. तिच्या रक्ताला हा पाहुणा ठाऊक नाही.

नोकरीत असताना एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला लहान मुलांची शुद्ध मोजायचं एक कोष्टक शिकवलं होतं. डोळे फिरतात का, रडतं कसं, दुखवल्यावर हात काढून घेतं का. शून्य ते पाच. त्याला ब्लँटायर स्केल म्हणतात. हे ब्लँटायर कुठे आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता. तू मलावीला जायचं म्हणालास, पपांनी भिंतीवर नकाशा लावला आणि खाली दक्षिणेला मला ते नाव दिसलं. पोरं मलेरियानं बेशुद्ध होतात म्हणून ज्या गावात ते मोजमाप तयार झालं, त्याच देशात तू माझी नात घेऊन चालला होतास. मी तेव्हा काही बोलले नाही. चहा करायला आत गेले.

बघ, भाषण झालंच. माफ कर. रूथला हा भाग वाचून दाखवू नकोस.

तुझं काम मला कळत नाही असं नाही. वीज गेली की तू आरशाचा जुना मायक्रोस्कोप खिडकीशी नेऊन उजेडात स्लाइड बघतोस, हे पपांनी मंडळीत चार वेळा तरी सांगितलं असेल. पाळकसाहेब परवा म्हणाले, "आता नवीन काहीतरी सांगा." आणि लॅबमधल्या त्या बाईंची आई वारली तेव्हा सगळे जण काम थांबवून पिकअपमध्ये उभे राहून गाणी म्हणत गावी गेले, तूही गेलास, दिवसभर जमिनीवर बसलास, ते पत्र मी जपून ठेवलं आहे. तू लिहिलं होतंस, "आई, कामं खोळंबली म्हणून मला आधी राग आला होता." राग आला तरी तू गेलास. तुझे आजोबा असेच होते. लोक तुला दुकानदार समजतात, "म्वेन्ये" (म्हणजे हिंदी माणूस) म्हणतात, साखरेचा भाव विचारतात, यावर पपा खूप हसले. इथे नाशकात मला उलटं विचारतात, "मुलगा तिकडे धर्म पसरवायला गेलाय का?" मी म्हणते, तिथल्या मंडळ्या आपल्यापेक्षा मोठ्या आहेत, तो रक्त तपासायला गेलाय.

पपांचं मात्र शरणपूर सुटत नाही. गेल्या रविवारी संडे स्कूलच्या मुलांना पुन्हा तीच गोष्ट. अरबांच्या गलबतांतून, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शरणपूरच्या मिशनमध्ये कशी वाढली, सुतारकी-लोहारकी कशी शिकली, आणि त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकाभर हिंडलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात कसा होता. १ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन गेले, त्यांचं काळीज झाडाखाली पुरलं, तेव्हा प्रार्थना आपल्या जेकबनं वाचली, झाडावर नावही त्यानंच कोरलं. मग देह सुकवून समुद्रापर्यंत वाहून नेला. १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत तो शवपेटीबरोबर चालला. "नाशिकचा मुलगा!" असं म्हणताना पपांचा आवाज भरून येतो. जेकब याओ जमातीचा, म्हणजे तुझ्या मलावीच्या बाजूचाच. तिकडून एक पोरगा इथे आला, दीडशे वर्षांनी इथून एक तिकडे गेला, हे पपांना देवाचं गणित वाटतं. मलाही वाटतं कधीकधी. रोज नाही.

कारण पपा मुलांना हे सांगत नाहीत की लिव्हिंग्स्टन आमांश आणि तापानंच खंगले होते. आणि त्यांच्या बायकोचं तर कोणीच सांगत नाही. मेरी. ती नवऱ्याबरोबर राहायचं म्हणून १८६२ च्या सुरुवातीला झांबेझीवर पोचली आणि एप्रिलमध्ये तापानं गेली. तीन महिनेही धड झाले नव्हते. मी हे भर वर्गात मागून म्हटलं. मुलं गप्प झाली. पपा घरी येईपर्यंत बोलले नाहीत, फिटंफाट झाली.

तू लिव्हिंग्स्टोनिया मिशनच्या घाटाचा फोटो पाठवलास, ती वळणं, वरचं दगडी घर, खाली तळं. सुंदर आहे, आपल्या सप्तशृंगीच्या घाटासारखं. पण ते मिशन डोंगरावर का चढलं हे तुला तिथे कोणीतरी सांगितलं असेलच. १८७५ साली ते तळ्याकाठी केप मॅक्लिअरला सुरू झालं. माणसं तापानं मरत गेली, म्हणून १८८१ ला बांडावेला हललं. तिथेही तेच. शेवटी १८९४ ला डॉ. लॉज ते डोंगरमाथ्यावर घेऊन गेले. लॉजसाहेब १९२७ पर्यंत टिकले. मागे दोन्ही ठिकाणी कबरी राहिल्या. ज्यांना डास ताप देतो हेही माहीत नव्हतं, तीसुद्धा माणसं तळ्यापासून लांब गेली. आणि तुम्ही पोहायला खाली जाता.

पुन्हा तिथेच आले. सोडते.

सुरगाण्याचं तुला आठवतं का रे? नसेल आठवत, तू साडेतीन वर्षांचा होतास. १९८९ ला माझी तिथे बदली झाली. पपा इथे शाळेत, त्यांना रजा नाही. तुझी आजी म्हणाली होती, "रानात नेऊन पोराला घालवशील." मी तुला घेऊनच गेले. कौलारू खोली, दारापाशी भिंतीवर मलेरियावाल्यानं खडूनं लिहिलेल्या तारखा, पावसात आठ-आठ दिवस एसटी नाही. श्रावणात तुला ताप भरला. दिवसाआड, बरोबर दुपारी, आधी थंडी, दात वाजायचे. स्लाइड नाशिकला जाऊन रिपोर्ट यायच्या आत मी औषध सुरू केलं. क्लोरोक्विन गुळात लपवून द्यायची. तू मोठ्या शहाणपणानं गूळ चाटायचास आणि गोळी ट्रंकेमागे टाकायचास. मला वाटायचं औषध लागू कसं पडत नाही! झाडताना तीन गोळ्या सापडल्या तेव्हा मी तुला मारलं आणि मग तुला कुशीत घेऊन रात्रभर बसले. बाहेर पाऊस, कंदील, आणि शेजारची भागीबाई न बोलावता येऊन उंबऱ्यात बसली, सकाळपर्यंत.

नाताळाला घरी आलो. आजीनं तुझे हात बघितले. "एवढा का वाळला?" मी म्हटलं, दात येताहेत. साडेतीन वर्षांच्या पोराला दात! आजी काही बोलली नाही. जाईपर्यंत कधी बोलली नाही.

हे मी पपांनाही सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस.

तर मिनू तुझीच मुलगी आहे. गोळी दिली की तोंड उघडून बघायचं, जिभेखाली सुद्धा. क्लोरोक्विनचं नाव काढू नकोस, मलावीनं ती १९९३ लाच सोडली. आता ज्या गोळ्या देतात त्या तीन दिवसांत सहा वेळा, आणि रिकाम्या पोटी नाही. तूप लावून भाकरी द्यायची, स्निग्ध पोटात असलं तर औषध नीट भिनतं. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्यायची. हे तुला माहीत आहे. मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. आणि छोट्याला ती मलेरियाची लस मिळाली का? २०१९ ला पहिल्यांदा मलावीतच सुरू झाली असं मी वाचलं. चार डोस असतात. कार्डाचा फोटो पाठव, पुढचा-मागचा दोन्ही.

रूथकडे लक्ष दे. ती मक्याच्या पांढऱ्या पिठाची भाकरी थापते आणि उसिपाची, त्या तळ्यातल्या बारीक मासळीची, सुकटासारखी चटणी करते, हे सगळं हसून सांगते. पण मागच्या वेळी व्हिडिओवर ती बोलता बोलता फोन मिनूकडे देऊन बाजूला झाली. तुला दिसलं का? तू दिवसभर माणसांत असतोस. तिच्याशी मराठी बोलणारं दिवसभरात छोटंच, आणि त्याला अजून बोलता येत नाही.

मिनूनं त्या दिवशी माझ्याशी बोलून झाल्यावर गुडघे वाकवले, हात जोडून हलकेच टाळी वाजवली आणि "येवो" म्हणाली, म्हणजे तिकडच्या भाषेत आभार. किती गोड दिसली. मग मी विचारलं, "मिनू, आजीला मराठीत काय म्हणतात?" तर तिनं तुझ्याकडे बघितलं. असू दे. विसरली तर विसरू दे. (नको, विसरू देऊ नकोस. झोपताना एक गाणं तरी.)

रात्री आठला आमची प्रार्थना असते, तुमच्याकडे तेव्हा साडेचार. मी स्तोत्र ९१ म्हणते. त्यात काळोखात फिरणारी मरी आहे ना, तिथे आले की मला वाटतं, अजून दोन तासांनी तुमच्याकडे अंधार पडेल. मग डोळे मिटूनही मन लागत नाही.

पार्सलमध्ये गोडा मसाला, कुळथाचं पीठ, मिनूचे लांब बाह्यांचे चार कुडते, दोन पायमोजे जोड, तापमापक. पपांनी त्यांचं भिंग ठेवलं आहे, कशासाठी ते तेच जाणे.

आणि हिरव्या इरकली लुगड्याचा काठ आहे, आजीच्या. सहा वार उसवून घेतला. रूथनं पाठवलेल्या फोटोत मिनूची मच्छरदाणी गादीपर्यंत पोचतच नाही, वीतभर वर लोंबते. हा काठ खालून चारी बाजूंनी लावायचा. जड आहे, गादीखाली खोचला की सुटणार नाही. साधा धावदोरा घालू नका, पोरगी रात्री लघवीला उठते, ओढून उसवेल. दुहेरी टीप घाला. मशीन नसेल तर शेजारच्या शिंप्याकडे द्या, पण त्याच दिवशी परत आणा. एक रात्रही तिकडे राहू देऊ नका.

तुझी,
आई