ऑनिंग रेलचे सदोष किट आणि चुकीचे सूचनापत्रक : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कॅम्पर व्हॅनसाठी घेतलेली ३ मीटरची ऑनिंग रेल उचकटून आल्याबाबत दुसरी तक्रार.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचे ऑनिंग रेलचे (व्हॅनच्या बाजूला लावायचे कापडी छप्पर, म्हणजे ऑनिंग, ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत अडकते तिचे) किट सूचनापत्रकातल्या पायऱ्या एकेक करून पाळत व्हॅनच्या पत्र्यावर बसवले होते. मागच्या टोकाकडून ११०० मिमी लांबीत ही रेल उचकटून आली आहे. पहिल्या तक्रारीला आपण दोन ओळींचे उत्तर दिलेत : जोराच्या वाऱ्यात ऑनिंग उघडे ठेवल्याने नुकसान झाले, हमी लागू नाही. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. सुटलेल्या रेलची पाठ, पत्र्यावर राहिलेले सीलंट (रेल चिकटवणारा, सुकल्यावर रबरासारखा होणारा पदार्थ) आणि स्क्रूची भोके पाहिली की दोष कुठे आहे ते दिसते. तेच खाली लिहिले आहे. कृपया हे पत्र आपल्या तांत्रिक विभागाकडे पाठवावे.

आधी वाऱ्याचे बघू. ताशी ४० किमी वेगाच्या वाऱ्यापर्यंत ऑनिंग चालेल असे आपणच पत्रकात छापले आहे. त्या वेगाला वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला सुमारे ७४ न्यूटन भरतो. ३ मीटर बाय २.५ मीटर कापडावर सगळा दाब एकदम बसला असे धरले, तरी एकूण जोर ५५५ न्यूटन, म्हणजे ५७ किलोच्या आसपास. त्यातला साधारण निम्मा खांब आणि दोऱ्या घेतात. वारा ६० किमीचा झाला तर हाच जोर सव्वादोन पट होतो. आता जोडाची ताकद पाहा. रेलचा तळ १८ मिमी रुंद आहे, म्हणजे चिकटणारे क्षेत्रफळ ५४,००० चौरस मिमी. एका चौरस मिमीला फक्त ०.१ न्यूटन इतका सावध हिशेब केला तरी नीट चिकटलेली रेल ५,४०० न्यूटन सहज पेलते. टोकाला सोलून काढणारा ताण वेगळा असतो आणि तो जास्त घातक असतो हे खरे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. पण नुसत्या वाऱ्यावर खापर फोडता येईल असे हे आकडे नाहीत.

सुटलेल्या भागात रेलची पाठ कोरी आणि चकचकीत आहे. सगळे सीलंट व्हॅनच्या रंगावर राहिले आहे. अति ताणाने जोड गेला असता तर सीलंट मधून फाटले असते, थोडे इकडे आणि थोडे तिकडे राहिले असते. इथे ते ॲल्युमिनियमला चिकटलेच नव्हते. पत्रकाच्या दुसऱ्या पायरीत व्हॅनची बाजू पुसायला सांगितले आहे, रेलच्या पाठीबद्दल एक अक्षर नाही. कारखान्यातून आलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कापण्याचे आणि हाताळणीचे तेल राहते, आणि खाली ऑक्साइडचा गुळगुळीत थर असतो. ती पाठ बारीक पॉलिश पेपरने घासून मंद करायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, प्रत्येक पुसण्याला कपड्याची स्वच्छ बाजू घ्यायची आणि मग सीलंट बनवणाऱ्याने सांगितलेला प्रायमर (सीलंट नीट धरावे म्हणून आधी द्यायचा पातळ थर) लावून तो सुकू द्यायचा. एकच कपडा पुढे-मागे फिरवला तर तेल निघत नाही, पसरते. व्हॅनच्या रंगावरही पूर्वी सिलिकॉनचे पॉलिश झालेले असेल तर ते आधी काढावे लागते. पत्रकात याचाही उल्लेख नाही.

दुसरी गोष्ट सीलंटच्या मापाची, आणि ही आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. किटमध्ये ७० मिलिची एक ट्यूब आहे. १८ मिमी रुंदी, ३ मीटर लांबी आणि २ मिमी जाडीचा थर हवा असेल तर १०८ मिलि सीलंट लागते. नॉझलमध्ये अडकणारे आणि कडांना बाहेर येणारे धरले तर १३० ते १४०. म्हणजे आपली ट्यूब शेवटच्या थेंबापर्यंत पिळली तरी १.३ मिमीच्या वर थर होत नाही. त्यावर पत्रक सांगते, "सीलंट कडेने बाहेर येईपर्यंत रेल घट्ट दाबा." तसे दाबल्यावर आमच्या पत्र्यावर अर्धा मिमी थर उरला आहे. तो व्हर्निअरने मोजला आहे.

अर्धा मिमी का चालत नाही? ॲल्युमिनियम आणि लोखंडी पत्रा तापल्यावर सारखे वाढत नाहीत. ५ अंशांची पहाट आणि उन्हात ६० अंशांपर्यंत तापलेला पत्रा एवढा फरक धरला, तर ३ मीटरची रेल ३.८ मिमी वाढते आणि तिच्याखालचा पत्रा फक्त २ मिमी. मधला भाग जागच्या जागी राहिला तरी प्रत्येक टोकाला ०.९ मिमीची सरक येते. २ मिमी जाडीचा रबरासारखा थर ती सरक सहज घेतो, कारण त्याला स्वतःच्या जाडीच्या ४५ टक्केच ताणावे लागते. अर्ध्या मिमीच्या थराला तीच सरक घ्यायला १८० टक्के ताणावे लागते, तेही रोज. मधल्या भागात ही सरक जवळजवळ नसते, टोकाला सर्वांत जास्त असते, आणि आमची रेल टोकाकडूनच सुटली आहे. थराची जाडी दाबण्याच्या अंदाजावर सोडायची नसते. प्रत्येक भोकाखाली २ मिमी जाडीचा नायलॉन वॉशर ठेवला की रेल कितीही दाबली तरी थर तेवढाच राहतो. सीलंटही बोटाने पसरवायचे नसते. नॉझलला व्ही आकाराची खाच कापून ८ मिमी रुंद आणि १० मिमी उंच अशी सलग त्रिकोणी धार सोडायची. रेल टेकवताना ती मधून दोन्ही कडांकडे पसरते आणि आत हवा कोंडत नाही.

उचकटलेल्या भागात सीलंटच्या मधोमध लांबट पट्टा अजून चिकट आहे. "२४ तासांनी ऑनिंग लावता येईल" या आपल्या वाक्याचा हा परिणाम. एक घटकी पॉलियुरेथेन, म्हणजे दुसरे काही न मिसळता ट्यूबमधून थेट लावायचे हे सीलंट, हवेतल्या आर्द्रतेने सुकते. २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर पहिल्या दिवसात सुमारे ३ मिमी, आणि आत जाईल तसा वेग मंदावतो. वर ॲल्युमिनियम, खाली रंगवलेला पत्रा, दोन्हींतून ओल जात नाही. ती शिरते फक्त दोन लांब कडांनी. १८ मिमी रुंदीत पहिल्या दिवशी प्रत्येक कडेचे ३ मिमी सुकले तर मधले १२ मिमी ओलेच राहतात. सात दिवस हा किमान काळ आहे. थंडी असेल किंवा हवा कोरडी असेल तर त्याहून जास्त.

आमच्या व्हॅनच्या बाजूला गोलाई आहे, बहुतेक व्हॅनना ती असतेच. सरळ रेल हाताने दाबून त्या गोलाईवर बसवायला पत्रक सांगते. अशी दाबून बसवलेली रेल स्प्रिंगसारखी परत सरळ व्हायला बघते, आणि तिची दोन्ही टोके रात्रंदिवस बाहेर ओढत राहतात. सोलून काढणारा ताण म्हणतात तो हाच, आणि चिकटवलेला जोड त्यालाच सर्वांत आधी हार मानतो. रेल बसवण्यापूर्वीच थोडी थोडी वाकवून, हाताने न दाबता पत्र्यावर टेकेल इतकी जुळवून घ्यावी लागते.

आता स्क्रू. किटमध्ये ४.२ मिमीचे बारा सेल्फ टॅपिंग स्क्रू आहेत. त्यांच्या आट्यांमधले अंतर १.४ मिमी, आणि पत्रा ०.७ मिमी. म्हणजे पत्र्यात अर्धाच आटा बसतो. त्यात कापड अडकवायची रेलची खोबण पत्र्यापासून १२ मिमी बाहेर आहे. कापड खाली ओढते तेव्हा रेल खालच्या कडेवर टेकून वरून उघडू पाहते, आणि ९ मिमी वर असलेल्या स्क्रूवर ओढीच्या सव्वा पटीहून जास्त जोर येतो. उचकटलेल्या भागातल्या चारही भोकांचे काठ बाहेरच्या बाजूला उलटले आहेत. पहिला स्क्रू टोकापासून ७० मिमी आत आहे. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच ७० मिमी लांबी नुसत्या अर्धवट सुकलेल्या सीलंटवर सोडली आहे. शिवाय स्क्रू स्टेनलेसचे आणि रेल ॲल्युमिनियमची. पाण्याच्या सान्निध्यात या जोडीत ॲल्युमिनियम झिजते. स्क्रूच्या डोक्याखाली पांढरी भुकटी आत्ताच दिसू लागली आहे.

इथे ४.८ मिमीचे बंद टोकाचे ॲल्युमिनियम रिव्हेट (भोकात घालून बाहेरूनच पक्के करता येणारे खिळे) द्यायला हवे होते, पत्र्यात ४.९ मिमीचे भोक आणि रेलमध्ये अर्धा मिमी मोठे. प्रत्येक टोकापासून ३० मिमीवर पहिले, त्याच्यापुढे ५० मिमीवर दुसरे, मग साधारण २०० मिमी अंतराने पुढचे, असे १८ पुरतात. रिव्हेटची लांबी निवडताना रेल २ मिमी, सीलंट २ मिमी आणि पत्रा ०.७ मिमी मिळून ४.७ मिमीची पकड धरावी. सीलंट ओले असतानाच रिव्हेट मारावेत, म्हणजे भोकाच्या कडाही त्यात बुडून बंद होतात.

भोक पाडण्याची पायरी पत्रकात एका ओळीत उरकली आहे. यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून ठासून लिहीत आहोत. बऱ्याच व्हॅनमध्ये छताच्या कडेला आतून पडद्यासारखी एअरबॅग आणि वायरिंग असते. आतले अस्तर उतरवून पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नये आणि बिटावर खोलीचा अडसर बसवावा, हा इशारा ठळक अक्षरात हवा. भोक पाडल्यावर बर (काठावर उरलेली धातूची धारदार कोर) काढणे, उघड्या लोखंडाला झिंक प्रायमर लावणे आणि लोखंडाचा कीस लगेच झाडून घेणे या तिन्ही गोष्टी पत्रकात नाहीत. रंगावर राहिलेला कीस एका ओल्या रात्रीत गंजून डाग धरतो. भोकातून शिरलेले पाणी तर अस्तराच्या मागे मुरते, आणि गंज दिसतो तोपर्यंत पत्रा खालून सडलेला असतो.

आमच्या मागण्या अशा आहेत. किटची पूर्ण किंमत परत मिळावी. चार फाटलेली भोके दुरुस्त करून तेवढा भाग रंगवण्याचा खर्च कंपनीने द्यावा. किटमध्ये पुरेसे सीलंट, प्रायमर, २ मिमीचे वॉशर आणि रिव्हेट असावेत. ते जमणार नसेल तर ग्राहकाने काय वेगळे आणायचे ते डब्यावर छापावे. पत्रकातली २४ तासांची ओळ ताबडतोब काढावी. आणि हेच किट आधी घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवावे की रेलची दोन्ही टोके तपासल्याशिवाय ऑनिंग लावू नये. रेल सुटते तेव्हा कापड, खांब आणि दोऱ्या ऑनिंगखाली बसलेल्यांच्या अंगावर येतात.

रेलची पाठ, पत्र्यावरचे सीलंट, चारही भोके आणि थराच्या जाडीचे मोजमाप यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. बिलाची व पत्रकाची प्रतही आहे. सुटलेली रेल आणि स्क्रू पुसलेले नाहीत, जसेच्या तसे जपून ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञाने येऊन ते पाहावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, आणि त्या उत्तरात रेलची पाठ कोरी का आहे याचे स्पष्टीकरण असावे.

आपले ग्राहक