विषय: 300 जीएसएमचा कागद आणि त्याहून पातळ ग्राहकसेवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहकसेवेतल्या मुलाने, जलरंगाच्या कागदाबद्दलची माझी तक्रार ऐकून, आत्ताच फोन ठेवला. ‘और कोई सहायता कर सकता हूँ मॅम?’ असं विचारून ठेवला. ‘और’ म्हणजे आधीची एक सहायता झाली होती, असं धरून चालायचं. म्हणून हे लेखी, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह.

जलरंगाच्या कागदाला साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारी खळ, कशाला लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही तो विकता. तुमच्या माणसांना मात्र कुणीतरी सांगा. कापसाचा कागद मुळात पाणी पिणारा. जिलेटिनचं साइझिंग असतं म्हणून रंग वरच्या वर राहतो, ब्रश फिरवायला सवड मिळते, नको असलेला रंग ओल्या ब्रशने उचलता येतो. साइझिंग गेलं की 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड, टीपकागद उरतो. आणि दमट हवेत ते जातं. तुमच्या पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता भिवंडीच्या गोदामाचा आहे. भिवंडीत पावसाळाभर बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याचं काय होतं ते ठाणे जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी घेतलेलं पाकीट: पूर्ण आकाराचे, 22 बाय 30 इंचांचे 10 कागद. वर छापलंय ‘100 टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड, जिलेटिन साइझ्ड’. नौपाड्यात आम्हा ज्येष्ठांचं चित्रप्रदर्शन आहे, विषय ठाण्यातले तलाव. माझ्याकडे मासुंदा, कचराळी आणि उपवन. तलावाच्या चित्रात निम्मं आकाश आणि उरलेल्या निम्म्यात त्याच आकाशाचं प्रतिबिंब, म्हणजे सगळा खेळ सपाट, एकसलग वॉशचा, पाणीदार रंगाच्या एका हाताचा. मासुंद्याच्या आकाशाला कोबाल्ट ब्लूचा वॉश टाकला आणि ब्रश पलीकडच्या कडेला पोचायच्या आत अलीकडे काळपट ठिपके उठले. ओल आलेल्या भिंतीला पोपडे धरतात तसं कोपिनेश्वराच्या कळसावरचं आकाश झालं. ठिपके उचलायला गेले तर रंग हलेना, तो कागदाच्या पोटात. शेवटी कडेची मास्किंग टेप काढली, तर टेपेबरोबर कागदाची सालही निघून आली. ओल्या कागदाला वास येत होता तो वेगळाच.

एक कागद खराब निघू शकतो, म्हणून दुसरा घेतला. मग प्रत्येकाचा कोपरा भिजवून पाहिला. सगळे तसेच.

आता पुराव्याचं. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. धरणांचे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवण्यात जन्म गेला. त्यामुळे कागदाबद्दल मला ‘असं वाटतं’ म्हणायची सवय नाही, मी तपासते. तुमच्याच कंपनीचा, याच प्रकारचा, गेल्या वर्षीचा कागद माझ्याकडे शिल्लक होता. त्याची एक पट्टी आणि नव्याची एक पट्टी शेजारी शेजारी ठेवली. तोच ब्रश, तोच रंग, तेच पाणी. जुन्यावर थेंब फुगून उभा राहिला. नव्यावर टेकला आणि नाहीसा झाला. दोन्ही पट्ट्या सोबत जोडल्या आहेत. बघायला चष्माही लागणार नाही.

हे सगळं मी फोनवर शांतपणे सांगितलं. मराठीत सुरुवात केली, पलीकडे मराठी नव्हतं, म्हणून हिंदीत सांगितलं. साइझिंग, जिलेटिन, टेप, सगळं. मुलाने मध्ये मध्ये ‘जी मॅम, जी मॅम’ केलं. मला वाटलं लिहून घेतोय. माझं संपल्यावर तो अगदी प्रेमाने, लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला, ‘मॅम, कागज पे पानी डालेंगे तो गीला तो होगा ही ना.’

मी म्हटलं, बाळा, हा जलरंगाचा कागद आहे. तर म्हणे, ‘जी मॅम, इसलिए पानी कम यूज कीजिए.’ उभी नोकरी पाण्याचे कालवे आणि पाटचाऱ्या काढण्यात गेली, आणि पाणी किती वापरायचं ते आता मला तुमच्याकडून शिकायचंय! मी म्हटलं, सीनियरना द्या. थोडा वेळ सतार वाजली. मग ‘सीनियर’ आले. आवाज जरा घोगरा केलेला, पण मागे कुकरच्या शिट्ट्या त्याच, आणि तेच लहान मूल मघाच्याच खेळण्यासाठी रडत होतं. फोनवरच्या मुलाचं मला वाईट वाटलं, तुमचं नाही. त्या ‘सीनियर’नी विचारलं, ‘आंटी, आप क्लास कर रहे हो या ऐसे ही टाइमपास?’ आणि वर सल्ला दिला, ‘अ‍ॅक्रिलिक ट्राय कीजिए, पेपर पे वॉटर कलर टिकता नहीं.’

कागदावर जलरंग टिकत नाही. जलरंगाचा कागद विकणारी कंपनी हे सांगते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात चित्रकार हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे, ज्याला लोक अजूनही रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे आणि कागदावर आहे. हळदणकरांनी तुमचा कागद घेतला नाही हे त्यांचं नशीब.

परतावा मागितला, तर उत्तर ठरलेलं: ‘वापरलेला माल परत घेतला जात नाही.’ साइझिंगचा दोष डोळ्यांना दिसत नाही, पाणी लागल्यावरच कळतो. पाणी लागलं की माल वापरलेला. वापरला नाही तर दोष कुठे आहे, दाखवा. हा नियम ज्याने बसवला त्याला माझा नमस्कार, आमच्या खात्यात तो फार वर चढला असता. पुन्हा लिहिते, कारण फोनवर हे एकदाही कुणाच्या डोक्यात शिरलं नाही: पाणी लावल्याशिवाय हा दोष दिसूच शकत नाही. मग पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागून तुम्ही त्यात काय बघणार आहात?

आणि एक. हे मी फोनवर मुद्दाम बोलले नाही. पाकिटावरच्या महिना-वर्षाच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. खाली आणखी एक स्टिकर आहे आणि त्यावरचा महिना वेगळा आहे, पावसाळ्याच्या आधीचा. पाकीट मी जपून ठेवलंय. ते वैधमापन विभागाला, म्हणजे वजन-मापं आणि पाकिटावरचा छापील मजकूर तपासणाऱ्या सरकारी खात्याला, दाखवायचं की तुम्हाला, हे तुमच्या उत्तरावर ठरेल.

मला पूर्ण पैसे परत हवेत, कुरिअरच्या खर्चासह. बदली पाकीट नको. त्याच गोदामातून तेच येणार. कूपन तर मुळीच पाठवू नका, मागच्या ईमेलला उत्तर म्हणून जे आलं ते ‘दिवाळी धमाका’चं होतं. शिवाय या गठ्ठ्यातला माल विकणं थांबवा. आमच्या गटात तुमचा कागद घ्या असं सगळ्यांना सांगणारी मीच होते. आता त्यांना काय तोंड दाखवू ते तुमच्या सीनियरना विचारून कळवा, दोघांपैकी कुणालाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथेच तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लागत नाही. मला वेळ भरपूर आहे आणि अक्षर चांगलं आहे.

प्रदर्शनासाठी पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आणवला आहे. ती संस्था 1940 पासून कागद करते. मासुंद्याचं आकाश पहिल्याच वॉशला उतरलं. पाणी भरपूर वापरलं होतं.

नौपाडा, ठाणे
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर)

सोबत: बिलाची प्रत, कागदाच्या दोन पट्ट्या, बिघडलेल्या मासुंद्याचा फोटो. स्टिकरचा फोटो पाठवलेला नाही.