फुप्फुसातली गुठळी : नाशिकला हलवण्याआधी

मा. संपादक,

पायातली गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली, तर कॅथेटरने, म्हणजे शिरेतून घातलेल्या नळीने, ती ओढून काढता येते. म्हणून शिरपूर-शहाद्याच्या प्रत्येक रुग्णाला नाशिकला पळवायचे नसते. वरचा रक्तदाब ९० खालीच राहत असेल आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जागेवरच द्यावे. असा रुग्ण धुळे-नाशिक प्रवासात जिवंत राहीलच असे नाही. कॅथेटर खरा कामाचा, तो नुकतेच मोठे ऑपरेशन झालेल्यांना किंवा इंजेक्शनला दाद न देणाऱ्यांना.

जांघेतल्या शिरेतून जास्तीत जास्त ८ मिलिमीटर जाडीची नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून धमनीत नेतात आणि मोठ्या सिरिंजने गुठळी खेचतात. नळीला वाट दाखवणारी वायर हृदयाच्या झडपेच्या दोऱ्यांमधून गेली, तर मागून येणारी जाड नळी झडप फाडू शकते. म्हणून आधी फुगा लावलेला कॅथेटर झडपेपार नेतात; फुगा दोऱ्यांमधून शिरत नाही. सिरिंजमध्ये नुसतेच रक्त येऊ लागले की हात आवरायचा.

पाठवताना हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) सुरू हवे : किलोमागे ८० युनिट एकदम, मग किलोमागे ताशी १८. बीपी कमी दिसला की सलाईन धो धो सोडण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने हृदयाचा फुगलेला उजवा कप्पा आणखी ताणतो. त्याऐवजी रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन लावा. आणि सीटीच्या फिल्मसोबत सीडीही द्या.

– एक हृदयरोगतज्ज्ञ, धुळे