लिंक नाही, पत्र

कोल्हापूर,
3 फेब्रुवारी

प्रिय संज्या,

"दिल्या, तुझ्या लिंका उघडायला मला एक पोरगं कामावर ठेवावं लागंल," असं तू दिवाळीत फोनवर म्हणालास ते जरा लागलंच. फोन ठेवला आणि मोबाईल काढून मोजत बसलो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तुला 43 लिंका धाडल्या होत्या. त्यातल्या 19 मी स्वतःच शेवटपर्यंत वाचल्या नव्हत्या! नुसतं शीर्षक बघायचं, 'हे संज्याला आवडंल' म्हणायचं आणि द्यायचं ढकलून. शेजारणीनं वाटी झाकून पाठवावी आणि आत काय आहे ते तिचं तिलाच ठाऊक नसावं, त्यातली गत.

तेव्हापासून स्वतःला एक अट घातलीय. जे आपल्या तोंडानं सांगता येईल तेवढंच तुला पाठवायचं. तीन महिन्यांचं साठलंय, म्हणून हे पत्र. अक्षर लावून घे, लेथवरच्या हाताला पेन जड जातंय.

पहिलं आमच्या धंद्यातलं. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभाला वळसा घालून मी रोज उद्यमनगरला जातो, पण तो कशासाठी उभा आहे याचा कधी विचार केला नव्हता. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे हे आपल्याला माहीत. सिनेमाच्या वेडानं ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव यंत्राच्या मागे लागले. आनंदराव 1916 ला गेले, आणि बाबूरावांनी 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला. विकत आणला नाही, इथं बनवला. यात अवघड काय ते वाचताना कळलं. फिल्मची पट्टी सरळ ओढत नेली तर नुसतं पुसट दिसणार. ती एका चौकटीएवढी सरकून भिंगामागं थबकली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे, आणि पट्टी परत पुढं. सेकंदाला साधारण 16 वेळा, तेही हातानं दांडा फिरवत. आमच्या वर्कशॉपात आज माप घ्यायला डिजिटल व्हर्नियर हातात असून पोरं केसभर फरकानं जॉब वाया घालवतात. त्या दिवशी दुपारी मशीन बंद करून सगळ्यांना हे सांगितलं. एकानं विचारलं, "मालक, म्हणजे आज ओव्हरटाईम नाही ना?"

आता खरी गोष्ट. कॉलेजात असताना किरणोत्सवाला आपण देवळात चेंगरून उभे होतो आणि तुझी नवी चप्पल गेली होती, आठवतंय? 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि अंबाबाईच्या पायांपासून वर वर चढत जातात. याच तारखा का, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं. नोव्हेंबरात एक लेख वाचला आणि कॅलेंडर घेऊन बसलो. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर, 41 दिवस. 21 डिसेंबर ते 31 जानेवारी, परत 41 दिवस! 21 डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेला जायचा तेवढा जाऊन माघारी फिरतो. म्हणजे जाताना ज्या जागी मावळला, येताना बरोबर त्याच जागी मावळणार. हे ज्यांनी गाभाऱ्याची दिशा धरताना साधलं त्यांच्याकडं कॅलेंडर छापलेलं नव्हतं.

इथवर कळलं म्हणून खूश होतो, तर आमची पोरगी म्हणाली, "बाबा, मग वेळ वेगळी का?" नोव्हेंबरात किरणं पावणेसहाच्या सुमाराला येतात आणि जानेवारीअखेर सव्वासहाला. सूर्य त्याच जागी, तर अर्धा तास गेला कुठं? मला काही सांगता येईना. चार रात्री त्याच्यावर घालवल्या.

तर ऐक. घड्याळ वर्षभर एका चालीनं चालतं, सूर्य तसा चालत नाही. पृथ्वीची फिरायची वाट पुरती गोल नाही, शिवाय तिचा आस कललेला. त्यामुळं सूर्य कधी घड्याळाच्या पुढं पळतो, कधी मागं रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो 16 मिनिटं पुढं असतो, जानेवारीच्या शेवटी साडेतेरा मिनिटं मागं. दोन्ही मिळून झाली साडेएकोणतीस. तोच तो अर्धा तास.

पोरगीचा काही विश्वास बसेना. आमच्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी आहे बघ, तिच्या गजाची सावली मसाल्याच्या डब्याच्या वरच्या भिंतीवर पडते. 10 नोव्हेंबरला संध्याकाळी 5 वाजून 20 मिनिटांनी तिनं त्या सावलीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. परवा 31 जानेवारीला पाचपासून आम्ही दोघं चहाचे कप घेऊन भिंतीकडं बघत उभे. घरच्यांना वाटलं पाल दिसली. 5:20 ला सावली रेघेच्या कितीतरी खाली. ती सरकायला लागली. 5:40, 5:45. बरोबर 5:50 ला सावली रेघेवर आली. पोरगी ओरडली आणि माझ्या हातातला चहा सांडला.

देवळातली किरणं मात्र दर खेपेला मुखापर्यंत पोचतातच असं नाही. धूळ, दमट हवा आणि वाटेतल्या इमारती आड येतात.

आता मिरचीचं. आई चटणीच्या मिरच्या निवडताना तिखट कमी करायचं असलं की बी झाडायला लावायची. बी तिखट नसतंच, लेका! तिखटपणा असतो तो बी ज्याला चिकटलेलं असतं त्या आतल्या पांढरट गाभ्यात. बी झाडताना तोही निघतो, म्हणून आईचं करणं बरोबर आणि कारण चूक. आणि तिखट ही चवच नव्हे. गरमचा चटका ज्या नसांना कळतो त्यांनाच मिरची फसवते. ते कोडं उलगडलं म्हणून डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. पक्ष्यांना मात्र हा चटका लागतच नाही, ते मिरची खातात आणि बी अख्खंच्या अख्खं लांब नेऊन टाकतात. आपल्यासारखे चावणारे बी फोडतात, म्हणून मिरचीनं आपल्यालाच तेवढं हाकललंय. आणि आपण मिसळीची दुसरी तर्री मागतो. वहिनींना सांग, पोरांना तिखट लागलं की पाणी नको, दूध नाहीतर दही. पाण्यात ते विरघळत नाही.

पहिल्या पावसाच्या वासाचंही वाचलं, मातीतले जिवाणू तो तयार करतात आणि कनौजला त्या वासाचं अत्तर काढतात वगैरे. पण ते तुला जूनमध्ये लिहीन. फेब्रुवारीत त्याला मजा नाही.

एक लाजेची गोष्ट राहिली. दोन पावसाळ्यांमागं 'राधानगरी धरणाचे सगळे दरवाजे अचानक सोडले, गाव सोडा' असा एक व्हिडिओ मी न बघताच घरच्या ग्रुपवर टाकला होता. नदीकाठच्या आत्यानं रात्री दोन वाजता धान्याची पोती माळ्यावर चढवली, कंबर धरली ती पंधरा दिवस. व्हिडिओ जुना निघाला. आत्या मला काही बोलली नाही, पण त्या दिवाळीला तिच्याकडनं करंज्या आल्या नाहीत. नंतर नीट वाचलं. ते दरवाजे स्वयंचलित आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात, कुणी बटण दाबत नाही. एकूण 7. एकातून 1428 क्युसेक, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला. आणि आत्यानं बघायचं ते दरवाजे नव्हेतच, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघायची. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. हे दोन आकडे मी तिच्या फ्रीजवर खडूनं लिहून आलो. या दिवाळीला करंज्या आल्या, तुझ्या वाटणीच्या मीच खाल्ल्या.

आता तुझी पाळी. तू बडोद्याला रंगाच्या कारखान्यात इतकी वर्षं आहेस, तर मला एवढं सांग, जीन्सचा निळा रंग धुण्याधुण्याला का उतरतो आणि लाल रुमालाचा एकदाच का जातो? मी वाचायला बसलोय, पण तू लिहिलंस तर थांबतो. लिंक पाठवलीस तर उघडणार नाही.

दोन किलो चटणी कुटून ठेवलीय, येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो. घरी रंगकाम काढायचं ठरतंय. स्वयंपाकघराच्या भिंतीवरनं वाद चाललाय, पोरगी म्हणते रेघेला हात लावायचा नाही. रंगारी म्हणाला, चिकटपट्टी लावून तेवढी सोडतो, पण पन्नास रुपये जास्त पडतील. देतो म्हटलं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. नोव्हेंबरात 9 तारखेच्या आत ये. जुनी चप्पल घालून ये.

तुझा,
दिल्या