आक्का, तुमचं नाव घातलेलं नाही

आक्का,

"माझं नाव कुठं घालू नको," असं तुम्ही बजावलंत. घातलेलं नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते, म्हणून हे उघडं पत्र.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' हे नाटक करायचं ठरलं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, पण थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालेला, अशी त्याची गोष्ट. पदं बसली, भाषणं बसली, हशा मात्र येईना. तुम्ही पानाचा डबा घेऊन तालमीला यायचात. दोन दिवस गप्प होतात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "सुभद्रा रडालीय खरं, पण नुसती प्रेमात पडल्यागत. अगं, अर्जुन तिच्या आत्याचा ल्योक. तिचा हक्क चाललाय तिकडं दुर्योधनाच्या घरात!"

मुंबईत वाढलेल्या आमच्या सुभद्रेला आतेभावाशी लग्न म्हटल्यावरच कसंतरी होत होतं. तुम्ही तिला सौंदत्तीकडची, तुमच्या माहेरची रीत सांगितलीत. मामाच्या पोरीसाठी आधी भाच्याला विचारायचं, तो नको म्हणाला तरच बाहेर बघायचं. डावललं तर आत्या माहेरची पायरी चढत नाही. ते ऐकताना माझी ट्यूब पेटली. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते त्याच बाजूच्या गुर्लहोसूरला! कथा पुराणातली, पण बलराम हटून बसतो तो आपल्याकडच्या थोरल्या भावासारखा. १८८२ साली हे नाटक पहिल्यांदा बघणाऱ्या प्रेक्षकाला हा हक्क कुणी समजावून द्यावा लागला नसेल. आम्हाला तुम्ही लागलात.

अर्जुन संन्याशाच्या वेषात बलरामाकडे येतो, त्याचंही तेच. "घरात स्वामी उतरले की पायांकडं बघायचं, तोंडाकडं कोण बघतंय?" हे तुमचं एक वाक्य. आमचा बलराम तर त्रिदंडी अर्जुनाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होता; मग ओळखत कसा नाही, हा प्रश्न पडणारच. त्याला मान खाली घालायला लावली आणि त्याच तालमीत पहिला हशा आला. लग्नाच्या बहिणीलाच तो या स्वामींच्या सेवेला लावतो, तिथं तर पेटीवाले काका वाजवायचेच थांबले.

एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. सुभद्रेनं एवढं तोंड उघडू नये, असं तुमचं म्हणणं. पण त्या काळी आठ-दहा वर्षांच्या मुली बोहल्यावर उभ्या राहत. जाणत्या मुलीनं 'मला हाच हवा' म्हणायचं, तर पुराणाचा आडोसा घ्यावाच लागे. शिवाय ते म्हणायला रंगमंचावर बाई नव्हतीच, सुभद्रेच्या वेषातले भाऊराव कोल्हटकर होते. म्हणून मी तिला मोठ्यानंच बोलू दिलं. तुम्ही डबा बंद केलात, तेवढंच.

प्रयोगाच्या रात्री दुर्योधनाचं नाव निघाल्यावर बायकांच्या बाजूनं "अगं बाई!" आलं. त्यात तुमचा आवाज मी ओळखला.

तुमची इरकल रुक्मिणीनं नेसली होती. काठाला थोडा रंग लागलाय. धुऊन सोमवारी घेऊन येते.

तुमची,
शेजारच्या गल्लीतली