सूचना : ९ तारखेची तपासणी, गोळ्या आणि मिश्री

ताईंनो, येत्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायांची मोफत तपासणी आहे. चौथा महिना लागलेल्या सगळ्यांनी कार्ड घेऊन या.

लोहाची लाल गोळी रोज एक, १८० दिवस. चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल. कॅल्शियमची वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या सोडू नका. मागच्या खेपेला एकीच्या फडताळात चार पाकिटं तशीच निघाली!

आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. "दातालाच तर लावते" हे आता पुरे, पोटातल्या बाळाचं वजन घटतं.

शाळेतल्या पोरींची लोहाची आठवड्याची निळी गोळी जेवल्यावरच, उपाशीपोटी नाही. सकाळी नुसत्या चहावर कोण जातं, ते घरोघरी ठाऊक आहे.